लडाखच्या इतिहासाचे जतन : संग्राहक आणि माहितीदार

लडाखसारख्या दुर्गम उत्तर प्रदेशाच्या इतिहासाची साधने कोणी जमविली आणि त्या जमविण्याचा त्या इतिहासाच्या स्वरूपावर काय परिणाम झाला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लडाखी इतिहासलेखनाचे श्रेय सामान्यतः मोरावियन मिशनरी ऑगस्ट हेरमान फ्रँके (१८७०–१९३०) यांना दिले जाते. ते अनाठायी नाही. मात्र ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फ्रँके १८९६ मध्ये लडाखमध्ये आले. त्यांचा पश्चिम तिबेटच्या इतिहासावरील ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०९ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी त्यांनी केलेल्या प्रवासातून ‘अँटिक्विटीज ऑफ इंडियन तिबेट’ हा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध झाला (१९१४ व १९२६). दोन्ही ग्रंथांच्या मुख्य शीर्षकांत ‘लडाख’ हा शब्दच नाही, ही बाब सूचक आहे. मिशनरी आणि भोटविद्येचे अभ्यासक या प्रदेशाकडे तिबेटचा पश्चिमेकडील विस्तार म्हणून पाहत होते. त्यामुळे मठ, शिलालेख आणि राजवंशावळ यांना अग्रक्रम मिळाला. पुरिगचे मुस्लिम सरदार, बाल्टिस्तानशी असलेले संबंध आणि यारकंदच्या वाटेवरील व्यापारी या चौकटीच्या कडेला राहिले.

दुसऱ्या खंडाचा गाभा म्हणजे ‘लदाग्स ग्यालरब’ ही राजांची बखर. तिचा मूळ भाग सतराव्या शतकात आकारास आला व पुढे त्यात भर पडत गेली. १८३४ मध्ये जोरावरसिंगाने केलेल्या स्वारीचा व राज्याच्या अस्ताचा वृत्तांत मात्र लेह येथील मुन्शी पालग्यास यांच्या लेखणीतून आलेला आहे. आधी डॉ. कार्ल मार्क्स (हे मोरावियन वैद्य, नामसाधर्म्याने फसू नये) आणि नंतर फ्रँके यांनी बखरीचा पाठ व अनुवाद विद्वानांपुढे ठेवला. या व्यवहारात मिशनरी ‘संपादक’ ठरतो आणि पराभूत समाजाचा स्वतःच्या पराभवाचा वृत्तांत लिहिणारा मुन्शी ‘हस्तलिखिताचा स्रोत’ ठरतो. वस्तुतः पालग्यास हे इतिहासकार होते. त्यांनी काय गाळले व नव्या सत्तेखाली राहून काय लिहिणे त्यांना शक्य होते, हे प्रश्न इतिहासकाराला विचारावयाचे असतात. माहितीदाराला ते सहसा विचारले जात नाहीत.

योसेब गेर्गन (मृत्यू १९४६) यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बायबलच्या तिबेटी अनुवादक म्हणून ते परिचित आहेत. परंतु त्यांनी लडाखचा विस्तृत इतिहास तिबेटी भाषेत लिहिला होता आणि तो त्यांच्या पुत्राच्या प्रयत्नाने १९७६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर तीस वर्षांनी, छापला गेला. दरम्यान लुचानो पेतेक यांचा बखरीवरील अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध होऊन प्रमाण ठरला होता. त्याच वर्षी हशमतुल्ला खान यांचा उर्दू ग्रंथ निघाला. जम्मू राज्याच्या या अधिकाऱ्याने बाल्टिस्तान व पुरिग यांच्या स्थानिक घराण्यांचा इतिहास नोंदविला. उर्दू न जाणणारे तिबेटविद्येचे अभ्यासक आणि तिबेटी न जाणणारे उर्दू वाचक यांच्यामध्ये लडाखचा इतिहास असा विभागला गेला. १९४७–४८ च्या युद्धानंतर प्रदेशाचेही विभाजन झाले.

संस्थात्मक प्रयत्न उशिरा सुरू झाले. लडाख-अध्ययनाची आंतरराष्ट्रीय संघटना १९८७ मध्ये स्थापन झाली, तीही जर्मनीतील हेर्नहुट येथे, म्हणजे मोरावियन चर्चच्या मूळ गावी! हा योगायोग मानला तरी अर्थपूर्ण आहे. तथापि या संघटनेने पुढे लेह व कारगिल या दोन्ही ठिकाणी परिषदा घेऊन स्थानिक अभ्यासकांना व्यासपीठ दिले, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. अब्दुल गनी शेख यांच्यासारख्या लडाखी लेखकाने बौद्ध-मुस्लिम सहजीवनाचा व मध्य आशियाई व्यापाराचा इतिहास इंग्रजी व उर्दू वाचकांपर्यंत नेला, तो याच काळात.

कारगिल येथील मुन्शी अझीझ भट संग्रहालय (२००४) हा या चर्चेतील खरा प्रतिवाद म्हणावा लागेल. एका व्यापाऱ्याच्या सराईत पडून राहिलेला माल, खोगिरे, गालिचे व कागदपत्रे त्याच्याच वंशजांनी जपली. तेथे राजा नाही, लामा नाही, हिशेब आहेत. बखरीत ज्यांना स्थान नाही, त्यांचा हा दफ्तरखाना होय.

खलत्से परिसरातील कोरीव चित्रांच्या शिळांना मात्र असा कोणी वारस लाभला नाही. रस्ते व बांधकामे यांसाठी अशा अनेक शिळा फोडल्या गेल्या आहेत. हस्तलिखित तीस वर्षे पेटीत राहिले तरी छापता येते. खडी झालेली शिळा पुन्हा वाचता येत नाही. २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश झाल्यानंतर रस्तेबांधणीचा वेग वाढला आहे, आणि शिळांची नोंद करणारे अभ्यासक अद्याप मोजकेच आहेत.