पेन्सिल काळी होत नाही, तेच बरं



हट्ट्यात असताना इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मी ६बी पेन्सिल दाबून दाबून घासायचो. काळं व्हायचं सोडून कागद चमकायला लागायचा. तुम्हीही हे केलंच असेल! कारण मला एम.एस्सी.ला कळलं. ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक थर. थरांमधली पकड कमजोर, म्हणून ते सरकून कागदाच्या तंतूंना चिकटतात. हे सपाट कण प्रकाश परावर्तित करतात. त्यामुळे एका मर्यादेनंतर दाब वाढवला की काळेपणा नाही, चमक वाढते. कोळशाचं तसं नाही.

आता एक चित्र शोधून बघा. फ्रेंच चित्रकार आंग्रने १८१९ मध्ये रोमला काढलेलं व्हायोलिनवादक पागानिनीचं रेखाचित्र, सध्या लूव्र संग्रहालयात आहे. चेहऱ्यावर बारीक, मऊ छटा. कोटावर आलो की मोजक्या रेषा. मागे कोरा कागद. गडद काळा मिळतच नाही म्हटल्यावर आंग्रने करड्या रंगाचाच हिशोब बसवला, आणि नजर चेहऱ्यावर थांबते.

मग ‘ग्राफाइट हे माध्यमच भावपूर्ण’ असं म्हणायचं का? मला पटत नाही. जर्मन चित्रकार मेन्झेल बघा. तो सुताराची जाड, मऊ पेन्सिल वापरायचा, छटा घासून पसरवायचा. त्याची माणसं धूसर, हलती वाटतात. पदार्थ तोच, परिणाम वेगळा. अर्थात पदार्थ बिनमहत्त्वाचा नाही. कोंतेने १७९५ मध्ये ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळून पेन्सिलचा कठीणपणा कमी-जास्त करण्याचं तंत्र आणलं. पण त्यातलं काय निवडायचं, हे हातानेच ठरवायचं.

आंग्रच्या निवडीची किंमतही आहे. त्याचा पागानिनी फार शांत, नीटनेटका. वाजवताना बेभान झालेला माणूस हवा असेल, तर दलाक्रवाचं १८३१ चं तैलचित्र बघावं लागतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी वाचलेलं सगळं सारख्याच दाबाने भरलं होतं. मूळ प्रश्न कुठला, ते मलाच दिसेना. कोरं काय सोडायचं हे ठरवायला पुढे दोन महिने गेले.

एक काम करा. पागानिनीचं चित्र दहा मिनिटं बघा आणि फक्त दिसतं तेवढंच लिहा. त्याबद्दल इतरांनी काय म्हटलंय, ते नंतर वाचा.