माहितीपत्रक आणि बायोडेटा : दोन कागदांची तपासणी

बारावीचा निकाल लागला की विद्यार्थ्याच्या हाती एक कागद पडतो, तो म्हणजे महाविद्यालयाचे माहितीपत्रक. तीन-चार वर्षांनी तो स्वतःच एक कागद तयार करतो, तो म्हणजे नोकरीच्या अर्जासोबतचा बायोडेटा. पहिल्या कागदात संस्था आपली ओळख करून देते, दुसऱ्यात विद्यार्थी. वाचणाऱ्याला निर्णय घेता यावा एवढ्यासाठीच दोन्ही कागद असतात. प्रयोगवहीतील नोंद आपण ज्या कसोट्यांवर तपासतो, त्याच कसोट्या या कागदांना लावल्या तर काय दिसते, ते पाहू.

माहितीपत्रकातील सर्वांत ठळक आकडा बहुधा पगाराचा असतो. समजा, एका वर्गातील दहा जणांना नोकऱ्या लागल्या. नऊ जणांना वर्षाला ३ लाख रुपये मिळाले आणि एकाला ४३ लाख. सरासरी येते ७ लाख. या दहांपैकी एकालाही ७ लाखांच्या आसपास पगार नाही, तरीही 'सरासरी ७ लाख' हे विधान गणिताने अचूक आहे. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतला तर तो ३ लाखच येतो. नवीन विद्यार्थ्याला स्वतःपुरता अंदाज बांधायचा असेल तर मध्यक उपयोगी. माहितीपत्रकात मात्र आधी 'सर्वोच्च', मग 'सरासरी' छापलेली असते, मध्यक क्वचितच.

दुसरा आकडा टक्केवारीचा. '९० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी' असे वाचले की विचारायचे, शंभर कोणते धरले? समजा, १२० विद्यार्थी पदवीधर झाले, त्यांपैकी ४० जणांनाच मुलाखतींना बसू दिले आणि ३६ जण निवडले गेले. छेदस्थानी ४० घेतले तर ९० टक्के, १२० घेतले तर ३० टक्के. सातवीच्या मुलालाही छेद म्हणजे काय ते ठाऊक असते. पण छापील कागदासमोर तो प्रश्न आपण विचारीत नाही.

या गोंधळावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखडा, म्हणजेच 'एनआयआरएफ', सुरू केला आणि पहिली क्रमवारी २०१६ मध्ये जाहीर झाली. त्यात विद्यापीठांसाठी अध्यापन व साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, पदवीनंतरच्या फलिताला २०, समावेशकतेला १० आणि लोकमताला १० टक्के भार देण्यात आला. भार आधी जाहीर केले, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह. परंतु लांबी, वजन आणि तापमान यांची बेरीज करून वस्तूंचा क्रम लावला, तर तो क्रम भार ठरवणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून राहणार. शिकवणे उत्तम पण संशोधन बेताचे असलेली संस्था या यादीत खाली जाईल; पहिल्या वर्षाच्या मुलीला मात्र तीच अधिक सोयीची असू शकेल. शिवाय बरीचशी माहिती संस्थांनी स्वतःच भरलेली असते.

असे असले तरी या उपक्रमाचा एक भाग फार मोलाचा आहे, आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. संस्थांनी भरून दिलेले तक्ते संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतात. किती विद्यार्थी वेळेत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे त्यांत असते. क्रमांक बाजूला ठेवून हे तक्ते माहितीपत्रकाशेजारी ठेवावेत. विद्यार्थ्यांच्या पुष्कळ शंका तिथेच फिटतील किंवा वाढतील. दोन्ही चांगलेच.

आता मूळ प्रश्न. नामांकित महाविद्यालयातील मुले पुढे यशस्वी होतात, ते महाविद्यालयामुळे की मुळात निवडून घेतलेली मुलेच हुशार असल्यामुळे? अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी तुलनेचा चांगला मार्ग काढला. १९७६ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी, ज्यांना सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांनी प्रवेश देऊ केला किंवा नाकारला होता, अशा विद्यार्थ्यांची त्यांनी आपापसांत तुलना केली. त्यांतले काही अधिक चुरशीच्या ठिकाणी गेले, काही कमी चुरशीच्या. पुढील कमाईत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी तेथील अगदी मोजक्या नामांकित संस्थांविषयी दाखवले, की सरासरी उत्पन्न फार बदलत नसले तरी सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता तिथे वाढते.

डेल-क्रूगर यांचा निष्कर्ष 'कॉलेज कोणतेही चालते, मुलगा हुशार हवा' अशा रूपात सांगितला जातो. हे अर्धेच वाचन झाले. त्याच अभ्यासात गरीब घरांतील विद्यार्थ्यांना चुरशीच्या महाविद्यालयाचा फायदा झालेला दिसतो. याचे कारण समजणे अवघड नाही. ज्याच्या घरी ओळखी आहेत, पुस्तके आहेत, सल्ला देणारा मामा आहे, त्याची उणीव घर भरून काढते. ज्याच्याकडे यांतले काही नाही त्याला ते महाविद्यालयातूनच मिळावे लागते. अमेरिकेतले आकडे जसेच्या तसे इकडे लागू होणार नाहीत. पण शेतमजुराच्या हुशार मुलीला 'जवळचेच बघ, सगळी सारखीच' असा सल्ला देण्यापूर्वी शिक्षकाने दोनदा विचार करावा, एवढे यातून नक्कीच निघते. तिच्यासाठी वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि रात्री उघडे राहणारे ग्रंथालय हे निवडीचे पहिले निकष आहेत.

दुसऱ्या कागदाकडे वळू. प्रकल्प-साहाय्यकाच्या जागेसाठी येणारे शेकडो बायोडेटा मी वाचले आहेत. बहुतेकांत 'कष्टाळू', 'संघभावना', 'संगणकाचे ज्ञान' असे शब्द असतात. कोणताही अर्जदार याच्या उलट लिहिणार नाही. म्हणून या शब्दांतून माहिती शून्य मिळते. याउलट 'गावातील १२ विहिरींची पाणीपातळी दोन वर्षे दरमहा मोजली, तक्ते आणि आलेख स्वतः केले' हे एक वाक्य असेल तर त्यावर अर्धा तास बोलता येते. पातळी कशी मोजली, पावसाळ्यात काय अडचण आली, एक नोंद चुकीची वाटली तेव्हा काय केले? या प्रश्नांची उत्तरे पाठ करता येत नाहीत.

आपल्याकडे 'बायोडेटा' हा शब्द लग्नासाठीही वापरतात, आणि नोकरीच्या कागदातही वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती असे रकाने शिरतात. त्यांनी काय होते याचा पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला होकारार्थी उत्तर येण्याची अनुकूलता सुमारे ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट भरली. म्हणजे हा कागद वाचणारे उपकरणच सदोष आहे. आरक्षणासाठी विचारले असेल तिथे जात लिहावीच लागेल. इतर ठिकाणी हे रकाने गाळावेत, असे विद्यार्थ्यांना सांगावे. आडनाव मात्र गाळता येत नाही. ते झाकून पहिली छाननी करणे ही निवड करणाऱ्यांची, म्हणजे आमच्यासारख्यांची, जबाबदारी आहे.

दोन्ही कागद एकमेकांना जोडून पाहिले तर निवडीची एक साधी कसोटी हाती येते : या महाविद्यालयात तीन वर्षे काढल्यावर मला खरेपणाने काय लिहिता येईल? त्यासाठी विचारायचे प्रश्न असे. एका सूक्ष्मदर्शकामागे किती विद्यार्थी? प्रयोगशाळा तासाबाहेर वापरू देतात का? विषयाचे शिक्षक कायम आहेत की दर सहा महिन्यांनी बदलतात? गेल्या तीन वर्षांतील सर्वच विद्यार्थ्यांचे, केवळ फलकावरच्या पहिल्या पाचांचे नव्हे, पुढे काय झाले?

शिक्षकांना एक तासिका यासाठी देता येईल. तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांची माहितीपत्रके वर्गात आणावीत. प्रत्येक टक्केवारीखालचा छेद आणि प्रत्येक सरासरीमागचा मध्यक विद्यार्थ्यांनी शोधावा. जिथे सापडणार नाही तिथे प्राचार्यांना पत्र लिहून विचारावे. आलेले उत्तर, किंवा न आलेले उत्तर, पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी फळ्याशेजारी लावून ठेवावे.