‘निवड तुझी आहे’ हे कोण कोणाला म्हणतं? : अस्तित्ववाद आणि समाजकार्य



अस्तित्ववाद म्हटलं की डोळ्यांपुढे पॅरिसमधली कॅफे येतात. समाजकार्य म्हटलं की फाईल, गृहभेट, रेशनकार्ड, संरक्षण अधिकारी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण संबंध आहे आणि तो बराच जुना आहे. डोनल्ड क्रिल यांचं ‘एक्झिस्टेन्शियल सोशल वर्क’ १९७८ साली आलं, नील थॉम्पसन यांचं ‘एक्झिस्टेन्शियलिझम अँड सोशल वर्क’ १९९२ साली. त्याच्याही आधी, १९५७ साली फेलिक्स बिस्टेक यांनी केसवर्कची सात तत्त्वं मांडली. त्यातलं स्वयंनिर्णयाचं तत्त्व समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवलं जातं. माणसाचा निर्णय माणसानेच घ्यायचा, हा तो धागा.

आपलं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे : हा धागा मोलाचा आहे, पण तो अर्धाच हातात घेतला तर त्याचा फास होतो.

सुरुवात सार्त्रपासून करू. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याने पॅरिसमध्ये एक जाहीर व्याख्यान दिलं. त्यात तो आपल्याकडे सल्ला मागायला आलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. मोठा भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, वडिलांचं आईशी पटत नाही, आईला आधार फक्त याचाच. इंग्लंडला जाऊन मुक्त फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायचं, की आईजवळ राहायचं? सार्त्रचं उत्तर असं की कुठलाही धर्मग्रंथ, कुठलंही नीतिशास्त्र हे ठरवून देणार नाही. तू मोकळा आहेस, तूच ठरव. आणि पुढे तो आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. सल्ला कोणाकडे मागायचा हे आपण ठरवतो, तेव्हा सल्लाही आपण अर्धाअधिक ठरवलेलाच असतो.

समुपदेशन केंद्रात बसणाऱ्याने हे टिपून ठेवावं असंच आहे. पण आता त्या विद्यार्थ्याच्या जागी दुसरं कोणीतरी बसवून बघू. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घराबाहेर पडलेली एक बाई आहे, असं धरून चला. माहेरी भाऊ-भावजयीचा संसार. रेशनकार्डावर नाव सासरचं. मुलांची शाळा सासरच्या गावात. तिला आपण म्हणालो, ‘ताई, निवड तुमची आहे’, तर आपण काय केलं? सार्त्रच्या विद्यार्थ्यापुढे दोन दारं होती आणि दोन्ही उघडी होती. हिच्यापुढे एक दार बंद आहे आणि दुसऱ्या दाराआड मार आहे. अशा ठिकाणी स्वातंत्र्याची भाषा वापरणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला, ‘नदी तुझीच आहे’ म्हणून सांगणं.

इथे आमचा आक्षेप सार्त्रपेक्षा त्याच्या उथळ वापरावर जास्त आहे. माणूस नेहमी कुठल्यातरी परिस्थितीत टाकलेला असतो, हे सार्त्रनेही मांडलंच आहे. पण ते १९४५ च्या व्याख्यानातून पटकन हाती लागत नाही. त्यासाठी सिमॉन द बोव्हारकडे जावं लागतं. १९४७ सालच्या ‘संदिग्धतेची नीती’ या पुस्तकात ती सांगते की काही माणसांना अशा जगात ठेवलं जातं, की आपल्याला वेगळं काही करता येईल हेच त्यांना दिसू नये. आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं : माझं स्वातंत्र्य खरं व्हायचं तर मला इतरांचंही स्वातंत्र्य हवं असलं पाहिजे. म्हणजे समाजकार्यकर्त्याचं काम ‘तूच ठरव’ इथे संपत नाही. ठरवण्यासारखं काहीतरी समोर असावं, ही तजवीज करणं हेही त्याचंच काम.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा. त्याच्या १७ व्या कलमाने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर कायद्याने भिंतीत एक दार पाडलं. हे दार आहे हे बाईला सांगणं, तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणं, अर्ज भरायला मदत करणं, हेच अस्तित्ववादी समाजकार्य. त्यानंतर ती परत सासरी जायचं म्हणाली, तरी तो तिचा निर्णय. तिथे मात्र आपण तोंड वाकडं करायचं नाही.

आता ‘दुःखात अर्थ शोधा’ या सल्ल्याकडे येऊ. क्रिल यांच्या मांडणीत हा मुद्दा आहे आणि त्याच्या पाठीमागे व्हिक्टर फ्रँकल आहे. फ्रँकल नाझी छळछावण्यांतून वाचलेला माणूस, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन आहे. पण त्याने घातलेली अट लोक विसरतात. दुःख टाळता येण्यासारखं असेल तर आधी त्याचं कारण दूर करा, हे त्यानेच बजावलंय. आपल्याकडे ‘माझे भोग आहेत’ असं म्हणायची रीत आहेच. त्या भोगांना ‘अर्थ’ असं नवं नाव दिलं तर बदललं काय? आधी दोष प्रारब्धाचा होता, आता बाईच्या निवडीचा झाला. मारणारा दोन्ही वेळा सुटला.

थोडं आपल्या खुर्चीकडेही बघू या. सार्त्रच्या १९४३ च्या ग्रंथातला तो वेटर प्रसिद्धच आहे : जरा जास्तच वाकणारा, जरा जास्तच लगबगीने चालणारा, आपण वेटरच आहोत, दुसरं काही नाही, असं स्वतःलाच पटवणारा. ही आत्मवंचना. ‘माझ्या हातात काय आहे, वरून आदेश आहे’ हे तिचंच सरकारी रूप. १९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम पाहा. उपजीविकेचं दृश्य साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरतो की भीक मागूनच जगत असावा असं वाटतं, एवढ्यावरही माणूस त्यात भिकारी ठरतो. आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबला जाऊ शकतो. नजरेने माणसाची वस्तू होते, असं सार्त्र म्हणतो. इथे ती नजर कलमात लिहून ठेवलीय. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. अशा संस्थेत नोकरी करणाऱ्याला नियम बदलता येणार नाही, कबूल. पण अहवालात काय लिहायचं, माणसाला नावाने हाक मारायची की नंबराने, एवढी निवड त्याच्याकडे उरतेच. ती नाकारणं म्हणजे वेटर होणं.

एक उणीव मात्र तरीही राहते. केसवर्क एकेकट्याशी बोलतं. १९६० च्या ग्रंथात सार्त्र स्वतःच बसच्या रांगेचं उदाहरण देतो : माणसं शेजारी उभी आहेत, पण एकत्र नाहीत. रेशनच्या रांगेत आपण हेच बघतो. ‘आज धान्य का नाही?’ हा प्रश्न रांगेने मिळून विचारला, की रांगेचा गट होतो. ज्या अस्तित्ववादात ही पायरी नाही, तो समाजकार्याच्या फारसा उपयोगाचा नाही.

म्हणून फाईल बंद करण्याआधी तीन प्रश्न विचारू या. या माणसापुढे खरोखर किती वाटा होत्या? त्यातली एखादी आपल्यामुळे वाढली का? आणि ‘निवड तुमची आहे’ असं आपण म्हणालो, ते त्याचा मान राखायला, की आपली सुटका करून घ्यायला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फाईलमध्ये लिहायला रकाना नसतो. ते ज्याचं त्यालाच द्यावं लागतं. इथे थांबू आणि आता तुमच्या प्रश्नांकडे वळू.