चेकआउटची कडी कोणाच्या हातात?

मंडळी, आज आम्ही समीक्षेला पुस्तक घेतलेलं नाही, नाटकही नाही. घेतलंय ते ऑनलाइन दुकानाचं शेवटचं पान, म्हणजे चेकआउट. पत्ता भरायचा, पैसे द्यायचे, एवढंच त्याचं काम.

समजा, अकलूजहून कुणी ऑर्डर देतंय. पिनकोड टाकला, ४१३१०१. आता तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर आपोआप यायला हवं. हे भरण्याचं काम पुष्कळदा दुकान करत नाही, बाहेरच्या कंपनीचं विजेट करतं. ते बंद पडलं की रकाने रिकामे राहतात. हातानं लिहावं म्हटलं तर कुलूपबंद! गिऱ्हाईक तयार, माल तयार, पैसे तयार. विक्री मात्र नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तो असा.

आमचा आक्षेप विजेटवर नाही. सोय हवीच. पण सोयीची अट झाली, तिथे रचना चुकली. दोन-तीन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर रकाने मोकळे करावेत; माणसाला आपलं गाव लिहिता येतं की! चॅट, अभिप्राय, ऑफर यांच्या स्क्रिप्टही पान उघडल्यावर मागाहून याव्यात. त्यांच्यासाठी सगळं पान खोळंबू नये.

पैशांचं मात्र वेगळं आहे. पैसे आल्याची खात्री विजेटसारखी सोडून देता येत नाही. मग काय, पुन्हा पुन्हा विचारत राहायचं? १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर काही तास कोलमडलं. एनपीसीआयच्या तपासात निघालं, की काही बँकांकडून ‘व्यवहाराचं काय झालं’ अशा विचारणांचा पूर आला होता. पुढे या विचारणांवर मर्यादा घातली गेली. म्हणजे अधीर चौकशीनंही यंत्रणा बसते.

तेव्हा ऑर्डर आधी आपल्याकडे नोंदवावी, ‘पैसे येणे बाकी’ असा शेरा मारावा, ठरावीक वेळानं मोजक्या वेळा विचारावं. गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावं, ‘ऑर्डर नोंदली आहे, लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका.’ पैसे कापले गेले नसल्याचं कळलं, की घरपोच रोखीचा पर्याय द्यावा.

आमची कसोटी साधी आहे. बाहेरचं एकेक विजेट मुद्दाम बंद करा आणि स्वतःच्याच दुकानातून ऑर्डर देऊन बघा. जिथे अडाल, तिथे तुमच्या दाराची कडी परक्याच्या हातात आहे, असं समजा.