‘आज्ञापत्रा’तील राजा

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपल्याकडे बहुधा दोन दृष्टींनी वाचले जाते. भाषाभ्यासक त्याच्या ठसठशीत गद्यावर लुब्ध असतो. इतिहासप्रेमी त्यात शिवकालीन धोरणाचा आधार शोधतो. दोन्ही वाचने रास्तच. परंतु राजसत्ता कशी घडते व कशामुळे विस्कटते, या प्रश्नावरील ग्रंथ म्हणून त्याची पारख क्वचितच होते. तशी ती केली तर या ग्रंथाचे मोठेपण आणि त्यातली उणीव, दोन्ही एकदम नजरेत भरतात.

मध्ययुगाच्या अखेरीस युरोपातील राजांपुढे एकच प्रश्न होता : राज्यात राजा एक, आणि छोटे राजे शेकडो, यांचे करावे काय? फ्रान्सने त्याचे उत्तर इंग्लंडशी चाललेल्या दीर्घ युद्धात (१३३७ ते १४५३) शोधले. १४३९ मध्ये फौज उभारण्याचा अधिकार राजाचा एकट्याचा ठरला आणि १४४५ मध्ये खडी फौज उभी राहिली. ती पोसण्यासाठी कर बसला, तो युद्ध संपल्यावरही उठला नाही. इंग्लंडात १४८५ नंतर सातव्या हेन्रीने सरदारांच्या पदरच्या शिबंदीला कायद्याने आवर घातला. जोन ऑफ आर्कने १४२९ मध्ये फ्रेंच मनात चेतना जागवली हे खरे. पण १४३१ मध्ये ती जाळली गेल्यावर त्या चेतनेला टिकाऊ आकार दिला तो खजिन्याने, फौजेने आणि न्यायासनाने.

न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठ्यांच्या उदयाची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली आणि राष्ट्र घडविण्याचे श्रेय संतांना दिले. राजवाड्यांना ते मान्य नव्हते; संतांनी समाजाला निवृत्त केले असा त्यांचा आक्षेप. हा वाद पुढे पुष्कळ वर्षे रंगला. परंतु दोघांच्याही चर्चेचा भर भावनेवर आहे. अमात्यांचा भर मात्र यंत्रणेवर आहे, आणि म्हणूनच या वादात त्यांची साक्ष काढली पाहिजे.

शिवाजी महाराजांनी युरोपीय राजांसारखेच मार्ग स्वतंत्रपणे चोखाळले होते. वेतन शक्यतो रोख, किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे एकमेकांवर नजर ठेवणारे अधिकारी, वतनदारांच्या गढ्यांवर बंदी. सभासदाच्या बखरीत याचे वर्णन आहे. १६७४ चा राज्याभिषेक आणि ‘राजव्यवहारकोश’ यांचा अर्थही तोच. दरबाराची भाषा बदलणे हे सत्तेचे काम आहे. फ्रान्सच्या राजाने १५३९ मध्ये न्यायालयीन व्यवहारात फ्रेंच आणली, तीही याच जाणिवेने.

अमात्यांना हे सारे ठाऊक होते. वतनदार हा राज्याचा वाटेकरी असतो, त्याला ठेचू नये आणि मोकाटही सोडू नये, हे त्यांचे निदान अचूक आहे. टोपीकरांच्या व्यापारामागे राजसत्ता उभी आहे हे त्यांनी ओळखले, हा तर द्रष्टेपणाच. पण उपाय विचारला की ग्रंथ राजापाशी येऊन थांबतो. राजाने सावध असावे, माणसे पारखावीत, गर्व करू नये. आणि राजा तसा नसेल तर? या प्रश्नाला ‘आज्ञापत्रा’त उत्तर नाही. इंग्लंडात राजाला कर हवा असेल तर पार्लमेंटची संमती लागे. त्यामुळे राजा दुबळा असला तरी राज्याची बैठक मोडत नसे. तसली बैठक अमात्यांच्या कल्पनेत नाही.

हा दोष एकट्या लेखकाचा नव्हे, काळाचाही आहे. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीस असता हुकूमतपन्हा म्हणून स्वराज्य सांभाळणारे रामचंद्रपंतच होते, आणि औरंगजेबाशी झुंजण्यासाठी वतनांचे आमिष दाखवावे लागले तेही त्याच वर्षांत. पुढे बावड्याची जहागीर त्यांच्याच घराण्यात चालली. रोग्यानेच रोगाचे निदान लिहावे असा हा प्रकार. त्यामुळे त्या पानांना कारुण्याची छटा आहे.

त्याचे पर्यवसान आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांना परके नाही. सावंगी (मेघे) आणि भोवतीचा वर्ध्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता. छत्रपतींचे सेनासाहेब सुभा म्हणवणाऱ्या याच घराण्यातील जानोजी १७६३ मध्ये निजामास मिळाले आणि पुणे जाळले गेले. त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी ते पुन्हा पेशव्यांकडे आले. याला निव्वळ फितुरी म्हणून भागणार नाही. ज्याची फौज, महसूल व मुलूख स्वतःचा, त्याची निष्ठाही स्वतःपुरतीच राहणार. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले, तेव्हा त्यासाठी धावून येईल असे मराठी राज्य उरलेच नव्हते.

महाराष्ट्रात राष्ट्रभावना नव्हती असे कोण म्हणेल? ती विपुल होती. युरोपातील कित्येक राज्यांहून अधिक उत्कट होती. तिला घर बांधून द्यायचे मात्र राहून गेले. ‘आज्ञापत्र’ हा त्या घराचा अर्धवट राहिलेला आराखडा आहे. तो गौरवाने वाचावाच. पण चांगल्या राजाची वाट पाहणे ही राजनीती नव्हे, हा त्यातून आपोआप निघणारा धडाही वाचावा. राजे गेले, तरी ती वाट पाहण्याची सवय गेली आहे असे म्हणवत नाही.