पाच पायांचा बैल

पन्नाशी उलटलेल्या माणसाला चित्र काढण्याची हुक्की आली, म्हणजे घरातली मंडळी काय म्हणतात ते मी सांगायला नको. नातवाचे उरलेसुरले खडू हाती आले आणि परभणीच्या आमच्या ओसरीवर बसून मी पोळ्याचा बैल काढला. त्याला पाच पाय झाले! शाळेत असाच एक बैल गुरुजींनी लाल शाईने खोडला होता. त्यानंतर चाळीस वर्षे सहीखेरीज मी कागदावर रेघ म्हणून ओढली नाही. या खेपेस खोडणारे कोणी नव्हते. पाचव्या पायाचा मी खुंटा केला आणि बैल त्याला बांधून टाकला.

त्या खुंट्याने मला रवींद्रनाथांच्या चित्रांकडे नेले. १९२४ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, 'पूरबी'तल्या कविता लिहिताना खोडलेले शब्द ते नुसते खोडून सोडत नसत. एक खोडाखोड दुसरीला जोडीत आणि त्यांतून एखादा पक्षी, एखादे श्वापद उभे करीत. पुढे हा चाळा हस्तलिखिताबाहेर पडला. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि अखेरपर्यंत त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रे झाली. गुरुजींचे खोडणे आणि कवीचे खोडणे यांत केवढे अंतर! एकाने रेघ संपवली, दुसऱ्याने तिथूनच सुरू केली.

मात्र या उदाहरणाचा एक सोपा अर्थ लावला जातो, तो मला पटत नाही. 'मनाला येईल ते गिरबटा, तीच कला,' असे काही ती चित्रे सांगत नाहीत. त्यांतले ते लांबट, अबोल चेहरे पाहावेत. शरीररचनेच्या हिशेबाने ते चुकलेले असतील, पण तोल कुठेच सुटलेला नाही. आयुष्यभर लयीत वावरलेला हात तो. कुंचला नवखा असला तरी हात नवखा नव्हता. खेळ रिकाम्या हाताने होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडचेच आहे. १९४९ साली पुण्यात जन्मलेले सुधीर पटवर्धन लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत राहिले. चित्रकला ते आपली आपणच शिकले. 'लोअर परळ'सारख्या त्यांच्या चित्रात गिरणगाव, रस्ता, माणसे कशी एकमेकांत दाटून उभी आहेत! इथे खोडाखोडीतला चाळा नाही, इथे पाहण्याची चिकाटी आहे. खेळ दार उघडतो. आत शिरायचे तर डोळे उघडे ठेवून बसावे लागते. माझा बैल खुंट्याला बांधला गेला खरा, पण त्याचे वशिंड कसे असते हे पाहायला मला शेवटी गोठ्यातच जावे लागले.

मग आम्हां सामान्यांच्या हातात आधीपासून काय असते? हा प्रश्न मी आक्काला विचारला. सकाळची वेळ होती. सडा घातलेल्या अंगणात ती ठिपक्यांची रांगोळी काढीत होती. ती म्हणाली, "मला मेलीला कुठं चित्र येतं!" एवढे बोलेपर्यंत तिच्या चिमटीतून एक वेलांटी सुटली ती थेट पाचव्या ठिपक्याला जाऊन भिडली. एक ठिपका चुकून जास्त पडला होता. तिने त्याची पाकळी केली आणि चारही बाजूंना तशीच एकेक वाढवली. चूक चौपट झाली आणि नक्षी झाली!

साठ वर्षे रोज रेघ ओढणाऱ्या बाईला आपल्याला चित्र येत नाही असे वाटावे, ही आपल्या रसिकतेची मोठी हार आहे. भिंतीवर चौकटीत टांगले तर चित्र आणि उंबऱ्यासमोर घातले तर केरवारा, असा भेद आपणच करून ठेवला. तो आधी मोडला पाहिजे. नवख्याला हात सैल सोडण्याचा धीर त्यातूनच मिळेल.

या दिवाळीत मी आक्काच्या हाती खडू दिला आणि तिने माझ्या हाती रांगोळीची वाटी. तिने कागदावर तुळशीवृंदावन काढले. ते थोडे कलले आहे. माझी रांगोळी पाहून शेजारची पोरे अजून हसताहेत. उद्या पुन्हा बसणार आहोत.