पिंजऱ्याबाहेरचा सोंगाड्या

मराठी चित्रपटाच्या १९७१ ते १९८० या दशकाची गुणानुक्रमे यादी लावण्याचा जो उद्योग आमच्या लोह्यातील काही चित्रपटप्रेमी मंडळींनी आरंभिला आहे आणि ज्यापायी चहाच्या हॉटेलात रोज रात्री उशिरापर्यंत हमरीतुमरी चालते, त्याला माझी मुळात काहीच हरकत नव्हती. परंतु बऱ्याच खडाजंगीनंतर मुक्रर झालेली दहा चित्रपटांची फेरिस्त जेव्हा माझ्या हाती पडली, आणि तीत पहिल्या क्रमांकावर ‘पिंजरा’, दुसऱ्यावर ‘सामना’, तिसऱ्यावर ‘सिंहासन’ आणि ‘सोंगाड्या’ मात्र केवळ लोकाग्रहास्तव अगदी तळाशी असा प्रकार दिसला, तेव्हा मौन धरणे मला अशक्य झाले. पुण्या-मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यात हा निवाडा झाला असता तर मी त्याकडे काणाडोळा केला असता. ज्या तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, जिथे घोड्या-गाढवांच्या बाजाराइतकीच तमाशाच्या फडांची आतुरतेने वाट पाहिली जाते, त्या तालुक्याने हा निकाल द्यावा, ही गोष्ट साधी नव्हे.

यादीतील इतर नावांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘सिंहासन’ तिथे असणारच. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतून तेंडुलकरांनी काढलेली ती राजकारणाची कैफियत अजूनही मुदतबाह्य झालेली नाही. ‘जैत रे जैत’च्या गाण्यांसाठी पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांचे नाव घेऊन मराठवाड्याने मिशीवर ताव द्यावा हेही रास्तच. ‘अष्टविनायक’ ही यात्रा कंपनीची पुस्तिका आहे. ‘हा खेळ सावल्यांचा’ गाण्यांखेरीज कुणाला आठवतो? मानवतच्या हत्याकांडावर आधारलेला पालेकरांचा ‘आक्रीत’ १९८१ चा म्हणून यादीबाहेर राहिला. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील त्या भयंकर प्रकरणाला केवळ पंचांगाच्या हिशेबाने बरखास्त करणारी दशकाची ही चौकट किती तकलादू आहे, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

माझे खरे भांडण आहे ते ‘पिंजरा’ला मिळालेल्या अग्रपूजेशी. १९७२ चा हा चित्रपट शांतारामबापूंच्या कसबाचा उत्तम नमुना आहे, राम कदमांचे संगीत आणि खेबुडकरांची गीते यांनी त्याला दिलेले आयुष्य दीर्घ आहे, आणि श्रीराम लागूंसारखा नट त्याने पडद्याला दिला, हे सर्व मला मान्य आहे. परंतु ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटातील प्राध्यापकाची अधोगती मराठी मातीत आणताना बापूंनी जर्मन कॅबरेच्या जागी तमाशाचा फड बसविला, तेव्हा त्या फडाकडे पाहण्याची दृष्टी मात्र त्यांनी गावच्या शाळेतूनच घेतली. गुरुजी तमाशाला गावातून हुसकावतात, फड नदीपलीकडे राहुट्या ठोकतो, आणि त्यानंतर जे जे घडते ते गुरुजींच्या पतनाच्या हिशेबात जमा होते. त्या फडातील माणसांचे काय झाले, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही.

माळेगावच्या यात्रेत मी हा चित्रपट तंबूत पाहिला आहे. प्रोजेक्टर एकच असल्याने रीळ संपले की पडदा काळा होई, आणि दुसरे चढेपर्यंतच्या त्या अंधारात शेजारच्या कनातीतील खऱ्या ढोलकीची थाप स्पष्ट ऐकू येई. गुरुजींनी फडाला नदीपार होण्याचे फर्मान सोडले त्याच सुमारास रीळ संपले; शेजारी ढोलकी चाललीच होती, आणि माझ्या पुढे बसलेला एक धनगर मागे वळून म्हणाला, “ह्यो मास्तर बाजूच्या तंबूत जाऊन सांगंल का हे?” त्या प्रश्नाइतकी नेमकी समीक्षा ‘पिंजरा’वर लिहिलेली मी वाचलेली नाही.

याउलट १९७१ चा ‘सोंगाड्या’ पाहा. वसंत सबनीसांची कथा, गोविंद कुलकर्णींचे दिग्दर्शन आणि ‘विच्छा माझी पुरी करा’च्या रंगमंचावरून आलेले दादा कोंडके. येथेही नायक तमाशाच्या ओढीने घरदाराला मुकतो. भोळ्या नाम्याला त्याची आई घराबाहेर काढते. परंतु येथे तमाशा ही दरी नाही, बिऱ्हाड आहे. घराने टाकलेल्या माणसाला फड थारा देतो, काम देतो, सोंग देतो, आणि त्या सोंगातूनच नाम्याला स्वतःची किंमत कळते. या चित्रपटातले हसू आपण नाम्याला हसतो म्हणून येत नाही. नाम्या ज्यांना घाबरतो त्या सगळ्या शहाण्यांना त्याच्या भोळेपणाच्या चिमट्यात सापडलेले पाहून येते. कोंडक्यांनी पुढे द्व्यर्थाचा जो सुळसुळाट केला त्याचे समर्थन करण्याचा माझा इरादा नाही, पण नंतरच्या चित्रपटांची शिक्षा पहिल्याला देणे हा कोणता न्याय? दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ लागावा म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले, ही कथा सर्वांना तोंडपाठ आहे. त्या कथेने एक नुकसानही केले आहे, ते असे की चित्रपटाविषयी बोलण्याऐवजी लोक त्या मोर्चाविषयीच बोलतात.

यादीकारांना माझा खरा सवाल याहून निराळा आहे. पहिला ‘पिंजरा’ आणि दुसरा ‘सामना’, हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी कसे आवडू शकतात? ‘पिंजरा’त दुसऱ्याच्या प्रेताला गुरुजींचे कपडे चढवून गुरुजी मेले असे गावाला भासविले जाते, गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून पकडले गेलेले गुरुजी पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून फाशी पत्करतात. म्हणजे गावाला सत्य पेलवणार नाही, त्याला पुतळाच बरा, असा हा कौल आहे. आणि आपण त्याला त्याग म्हणून डोळे पुसत आलो आहोत! त्यानंतर तीन वर्षांच्या आत तेच लागू, पुन्हा मास्तर म्हणूनच, यावेळी दारूने खंगलेले, ‘सामना’त एका साखरसम्राटाच्या गावात येतात आणि मारुती कांबळेचे काय झाले हा एकच प्रश्न विचारीत सुटतात. दडपलेले प्रेत उकरून काढणारा हा मास्तर त्या गुरुजींना दिलेला जबाबच आहे. जब्बार पटेल आणि तेंडुलकरांच्या मनात तो हेतू होता की नव्हता, याच्याशी मला कर्तव्य नाही. पडद्यावर तो उभा आहे. बर्लिनच्या महोत्सवात ‘सामना’ गेला याचा अभिमान यादीच्या शेऱ्यात आहे, पण त्याने काय म्हटले याचा पत्ता नाही. अन्यथा ज्याचे त्याने खंडन केले त्याच्याच पायाशी त्याला दुसरा क्रमांक देऊन बसविण्याचे धारिष्ट कुणी केले नसते.

आता मंडळी म्हणतात, तर मग ‘सामना’ पहिला करू आणि ‘सोंगाड्या’ पाचवा. महसूल खात्याच्या ज्येष्ठता यादीत हरकती मागवून दुरुस्ती करतात तशी ही तडजोड मला नको आहे. ‘पिंजरा’ खाली उतरवायचा असेल तर त्याच्या शेवटाविषयीचे आपले मत आधी जाहीर करा. तो शेवट तुम्हाला उदात्त वाटत असेल तर चित्रपट वरच राहू द्या, पण मग ‘सामना’ यादीतून काढा. दोन्ही ठेवण्याची मुभा मी देणार नाही.